सुचत नाही म्हणू नका, लाज वाटते म्हणा

कोनगावातल्या माझ्या पोरांनो, रंगपेट्या मिटा आणि इकडे बघा. आज कोणी ब्रश हातात घ्यायचा नाही. आज ऐकायचं.

'माझं गाव' हा विषय तुम्हाला दिला होता. कागद तपासून झाले. जवळजवळ प्रत्येक कागदावर दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून वर येणारा सूर्य, खाली नागमोडी नदी, नदीत बदकं, काठावर कौलारू झोपडी आणि झोपडीला टेकलेला नारळ. कोणाचं गाव आहे हे? कोनमध्ये कोणाच्या खिडकीतून हे दिसतं, त्याने उभं राहून सांगावं. मी इथे इतकी वर्षं शिकवते, मला तरी ते कुठे दिसलं नाही.

तुमच्या घराच्या गच्चीवर चढलात तर काय दिसतं ते मी सांगते. उल्हासची खाडी दिसते. पलीकडे दुर्गाडी किल्ला दिसतो. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि मराठी आरमाराची सुरुवात या खाडीच्या काठावर झाली, हे तुम्ही इतिहासाच्या पेपरात लिहिता आणि चित्राच्या तासाला विसरता. पुलावर खोळंबलेले ट्रक दिसतात. आकाशाच्या कडेला मलंगगडाचा कातळ दिसतो. त्याचा आकार एकदा पाहिला की दुसऱ्या कुठल्या डोंगराशी गल्लत होत नाही, तरी तुमचे डोंगर मात्र त्रिकोणीच. अलीकडे गोदामांची लांबच लांब पत्र्याची छपरं, आणि दोन गोदामांच्या मध्ये कसंबसं टिकलेलं एखादं भाताचं खाचर. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी एका रंगाचं असतं. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्यावर शिसासारखी चकाकी येते. तो रंग तुमच्या पेटीत नाही, तो मिसळून काढावा लागतो. एकानेही तो मिसळायचा प्रयत्न केलेला नाही.

आणि काहींनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. कोरा कागद देऊन वर सांगितलं, "बाई, काही सुचलं नाही."

हे वाक्य मी आता या वर्गात ऐकून घेणार नाही. तुम्हाला सुचत नाही हे खोटं आहे. मित्राची नक्कल करायला तुम्हाला सुचतं. वर्गात एखाद्याला टोपणनाव ठेवायचं झालं तर क्षणात इतकं चपखल सुचतं की ते त्याला जन्मभर चिकटतं. क्रिकेटच्या मैदानात भांडताना तुमच्या तोंडी ज्या उपमा येतात त्या कुठल्या पुस्तकात नाहीत. कागद समोर आला की हे सगळं कुठे जातं? मी पुष्कळ विचार केला आणि मला उत्तर सापडलं आहे. ते तुम्हाला आवडणार नाही. तुम्हाला स्वतःच्या घराची लाज वाटते. ज्याची लाज वाटते त्याच्याकडे माणूस नीट बघत नाही, आणि नीट बघितलं नाही तर कागदावर उतरणार काय?

मी हे उगीच बोलत नाही. कल्याणला आंतरशालेय स्पर्धेला गेलो की कोणी विचारतं, "कुठे राहता?" तुम्ही सांगता, "कल्याणला." खाडी ओलांडताना तुम्ही तुमचं गाव पुलावरच टाकून देता. डब्यात सुकट असली की झाकण अर्धंच उघडता, वास बाहेर जाऊ नये म्हणून. आजी शाळेत आली की तिला फाटकापाशी थांबवता, कारण ती आगरी बोलते आणि आत मुलं हसतील. घरी आयस-बापूस म्हणणारी पोरं माझ्यासमोर आली की 'मम्मी-पप्पा' म्हणतात. तुमची बोली ऐकून कधीतरी, कुठेतरी, कोणीतरी मोठं माणूस हसलं असेल. त्याचा मला संताप येतो. पण त्या हसणाऱ्याचं ऐकून तुम्ही स्वतः आपल्या माणसांवर हसायला लागलात, त्याचं उत्तर तुम्हीच द्यायचं आहे.

आता चित्राचं बोलू.

परीक्षेला नक्षीकाम करताना वारली चित्रं काढायची हे तुम्हाला पाठ आहे. त्रिकोणावर त्रिकोण, वर गोल डोकं, हातपाय काड्यांचे. ती चित्रं कुठून आली, ते विचारलंत कधी? तुमच्याच भिवंडी तालुक्यात वारल्यांचे पाडे आहेत. लग्न असलं की कुडाच्या भिंतीला शेण-माती आणि गेरू सारवायचा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक कुंचल्यासारखं करायचं आणि सवाशिणींनी भिंतीवर लग्नाचा चौक काढायचा. चौकात पालघाट देवी. चौकाबाहेर सगळं रोजचं: भात लावणारे, मासे धरणारे, झाडावर चढलेली पोरं, तारप्याभोवती फेर धरणारी माणसं, कोंबड्या, मुंग्या. त्या बायकांनी कधी 'सुचलं नाही' म्हणून भिंत कोरी ठेवली नाही. विषय शोधायला त्या कुठे गेल्या नाहीत. अंगणात जे चाललं होतं ते त्यांनी भिंतीवर घेतलं.

ते चित्र पुढे जगभर नेलं जिव्या सोमा म्हसे यांनी. डहाणू तालुक्यातलं गंजाड हे त्यांचं गाव. आज ते पालघर जिल्ह्यात येतं, पण २०१४ पर्यंत तो आपलाच ठाणे जिल्हा होता. लहानपणी आई गेली आणि हा मुलगा बोलेनासा झाला, धुळीत चित्रं काढून सांगायचं ते सांगायचा, असं त्यांच्याबद्दल सांगतात. १९७० नंतरच्या वर्षांत त्यांनी भिंतीवरचं चित्र कागदावर आणि कापडावर आणलं. लग्नाची वाट न बघता रोज काढू लागले. एकच मासेमारीचं जाळं त्यांनी असं काढलं की कागदभर ठिपक्यांच्या हजारो बारीक रेषा आणि त्या जाळ्यात अख्खी नदी. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांच्या जाळ्यातल्या आकृत्या तुम्ही उचलता. आणि तुमच्या स्वतःच्या घराच्या पडवीत जे जाळं टांगलेलं आहे, आजोबांचं, खाडीतले मासे कमी झाल्यापासून वापरात नसलेलं, ते तुम्ही कधी हातात घेऊन त्याची गाठ कशी मारतात ते बघितलं? वारल्यांचं जाळं नक्कल करायला चालतं आणि आपलं जाळं अडगळ. याला मी काय म्हणू?

तुम्ही म्हणाल, वारल्यांकडे जंगल आहे, आमच्याकडे गोदामं आणि ट्रॅफिक आहे. ठीक. मग दुसरं नाव ऐका. सुधीर पटवर्धन. जन्म १९४९ सालचा, पुण्यातला. शिक्षण डॉक्टरकीचं, चित्रकलेच्या कॉलेजात गेलेले नाहीत. १९७५ पासून जवळजवळ ३० वर्षं ते ठाण्यात क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून काम करत होते. दिवसभर लोकांच्या छातीचे आणि हाडांचे फोटो तपासायचे आणि उरलेल्या वेळात रंगवायचं. काय रंगवलं? इराणी हॉटेलात टेबलाशी बसलेला माणूस. लोकलच्या डब्यातली गर्दी. रेल्वेचे पूल. पोखरण रोडच्या बाजूची टेकडी आणि तिच्यावर चढत गेलेली घरं. उल्हासनगरसुद्धा रंगवलं. उल्हासनगर! इथून किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही स्वस्त जीन्स घ्यायला तिथे जाता. ज्या गल्लीतून तुम्ही नाक धरून जाता ती गल्ली त्या माणसाने उभं राहून पाहिली, आणि आज ती चित्रं देशातल्या मोठ्या संग्रहांत लागलेली आहेत. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ साली त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं.

त्यांच्या चित्रांत एक गोष्ट बघा, आणि ही मी तुम्हाला बजावून सांगते आहे. त्यांनी उपनगर गोड केलेलं नाही. घाण असेल तिथे घाण आहे, दाटी असेल तिथे दाटी आहे. माणसांची शरीरं थकलेली आहेत. मी 'आपलं गाव बघा' म्हणते तेव्हा 'आपलं गाव किती सुंदर' असं खोटं चित्र काढा असं म्हणत नाही. खाडीत सांडपाणी येतं, ते काढा. शेत विकून गोदाम उभं राहिलं आणि काका त्याच गोदामाच्या दारात वॉचमन म्हणून खुर्ची टाकून बसले, ते काढा. तुम्हाला राग येत असेल तर राग काढा. राग हेसुद्धा बघितल्याचं लक्षण आहे. तुमच्या डोंगर-सूर्याच्या चित्रात रागही नाही आणि मायाही नाही. म्हणून ते मला सहन होत नाही.

आणि ज्यांना वाटतं की गाव लहान आहे, त्यात कितीसं असणार, त्यांनी इटलीतल्या ज्योर्ज्यो मोरांदी या चित्रकाराचं नाव वहीत लिहून घ्यावं. बोलोन्या शहरात बहिणींबरोबर राहिला, १९६४ साली वारला, आणि आयुष्यभर मुख्यतः टेबलावरच्या बाटल्या, बरण्या, डबे रंगवत राहिला. तीच भांडी पुनःपुन्हा मांडायची, थोडी सरकवायची, उजेड बदलला की परत बघायचं. त्याच्यासाठी तुम्हाला विमानाने जायला नको. तुमच्या मांडणीवर त्याच्यापेक्षा जास्त भांडी आहेत.

भांड्यांवरून स्वयंपाकघरात चला. मुलग्यांनो, खाली बघू नका. हे विशेष करून तुम्हालाच आहे. स्वयंपाकघरात तुम्ही पाणी प्यायला आणि 'झालं का' विचारायला जाता. तिथे रोज काय घडतं याचा तुम्हाला पत्ता नाही.

जूनच्या सुरुवातीला, पहिला पाऊस पडला की कल्याणच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात. जांभळट-तपकिरी कोंब, जुडी बांधलेली. तुम्ही पाहिली आहेत, तुमच्या घरी येतात. या शेवळाला खाज असते. तसंच शिजवून खाल्लं तर घसा धरतो, जीभ चरचरते. म्हणून वरचं पातं सोलायचं, खालचा पिवळा खाजरा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायचं, तेलात चांगलं परतायचं आणि त्यात काकडं घालायची. काकडं म्हणजे ती छोटी हिरवी आंबट-तुरट फळं. ती ठेचून त्यांचा रस घातला की शेवळाची खाज मोडते. आणि बघा, ही काकडं त्याच दिवसांत, त्याच रानात मिळतात, त्याच बाईच्या टोपलीत शेवळाच्या जुडीशेजारी ठेवलेली असतात. पुढे कोणी त्यात वाल घालतं, कोणी चण्याची डाळ, कोणी कोलंबी.

आता मला सांगा, हे पहिल्यांदा कोणाला सुचलं? घसा धरणारी वस्तू जिभेवर ठेवून बघणारी, ती टाकून न देता पुन्हा परतून बघणारी, शेजारच्या झाडाचं आंबट फळ तिच्यात घालून बघणारी ती कोण होती? तिचं नाव कुठे नोंदलेलं नाही. तिला शाळा नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. घरात धान्य संपत आलेलं, पेरणी व्हायची होती, आणि रानात हे उगवलं होतं. या जिल्ह्यात सुचणं म्हणजे काय ते समजून घ्यायचं असेल तर शेवळाची भाजी समजून घ्या. आणि तुम्ही ती ताटात आली की बाजूला सारता आणि दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्स मागता.

तांदळाची भाकरी घ्या. पाणी उकळायचं, पीठ घालून उकड काढायची, गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळायची. थापताना परातीत ती गोल फिरते ती कशी फिरते? तळहाताच्या कुठल्या भागाने? कडा पातळ आणि मधे जाड राहिली तर ती फुगत नाही. तव्यावर टाकल्यावर वर पाणी कधी लावायचं, ते वाळायच्या आत कधी उलटायची, हे तुमच्या आईला घड्याळ न बघता कळतं. मी चित्रकलेची शिक्षिका आहे आणि मी तुम्हाला सांगते, हाताने केलेलं इतकं अचूक वर्तुळ तुमच्यातल्या एकालाही कागदावर काढता येत नाही.

इथे मुलींना एक वेगळं सांगायचं आहे. आईच्या भाकरीला कला म्हणणं सोपं असतं, विशेषतः ज्याला ती थापावी लागत नाही त्याला. पहाटे उठून धुरात किंवा गॅसपुढे रोज तेच करणाऱ्या बाईला कोणी 'कलावंत' म्हणून हात झटकून निघून गेलं तर तो अपमान आहे. म्हणून मी बघायला सांगत नाही, करायला सांगते आहे. मुलांनी पीठ मळायचं. चटका बसला की मग कळेल कुठे काय असतं, आणि मगच त्यावर चित्र काढायचा किंवा निबंध लिहायचा अधिकार मिळेल.

आणि करून झालं की लिहून ठेवायचं. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि मराठी घराघरांत गेलं, कारण त्यांनी 'अंदाजाने घाला' असं सांगून वेळ मारून नेली नाही. वाटी आणि चमचा या मापांत बसवून पदार्थ लिहिला. आगरी मसाल्यात तुमच्या आजीच्या हातून किती मिरची, किती धणे पडतात ते तुमच्यापैकी किती जणांच्या वहीत आहे? मला उत्तर माहीत आहे.

आता गाण्याकडे या. हा भाग मला सगळ्यात जास्त बोचतो, म्हणून सगळ्यात स्पष्ट बोलणार आहे.

तुमच्याकडे हळद असली की आदल्या दिवसापासून डीजेचा ट्रक लागतो. भिंती थरथरतात. नाचा, मी नाही म्हणत नाही, ते वय आहे. पण त्याच मांडवात एका कोपऱ्यात पाटावर एक म्हातारी बसलेली असते, धवलारीण. तिला धवले गायला बोलावलेलं असतं, कारण रीत मोडायची हिंमत अजून कोणाची होत नाही. पण तिच्यासमोर माइक नसतो. तिचा आवाज मांडवाच्या खांबापर्यंतही पोचत नाही. ती देवांना बोलावते, गावदेवीला बोलावते, हळद कशी आली, मांडव कसा उभा राहिला, नवरा कसा निघाला, एकेका विधीचं गाणं तोंडपाठ गात राहते, तासन् तास, हातात चिटोरंसुद्धा न धरता. पूर्वी आपली लग्नं धवलारीणच लावायची, असं तुमच्याच घरची जुनी माणसं सांगतात. आणि तुम्ही तिच्या अंगावरून मोबाइल उंच धरून डीजेचं शूटिंग करत जाता.

पोरांनो, मराठीच्या पुस्तकात पहिली कवयित्री म्हणून महदंबेचं नाव तुम्ही वाचता. तेराव्या शतकातली, महानुभाव पंथातली. तिने काय रचलं? धवळे. ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला तेव्हा तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची ती गाणी गायली. मराठी कवितेत बाईचा आवाज जिथून ऐकू येतो तिथे लग्नाचं गाणं आहे. परीक्षेत तुम्ही त्याचे गुण मिळवता, आणि लग्नात तशीच गाणी गाणारी बाई समोर बसली की तुम्हाला ती अडाणी वाटते. मोठ्यांनाही मी हेच सांगेन. हळदीवर लाखांनी उधळता. त्यातला एक माइक धवलारणीपुढे ठेवा.

कुमार गंधर्व माहीत आहेत? बेळगावजवळच्या सुळेभावीचा मुलगा, लहानपणीच मोठमोठ्या मैफली गाजवलेला. ऐन तारुण्यात क्षयाने गाठलं. १९४८ साली हवापालटासाठी माळव्यात देवासला नेलं. डॉक्टरांनी गायला बंदी केली. गवयाचं गाणंच काढून घेतलं म्हटल्यावर उरतं काय? बिछान्यावर पडून तो माणूस बाहेरचं ऐकत राहिला. बायकांची लग्नाची गाणी, सणांची गाणी, रस्त्याने जाणाऱ्यांची गाणी. त्या गाण्यांत, ज्यांना मोठमोठे गवई साधी म्हणून सोडून देत होते, त्याला रागाचं मूळ सापडलं. बरा झाल्यावर त्या धुनांमधून त्याने नवे राग उभे केले, ते 'अनूपरागविलास' या पुस्तकात १९६५ साली छापले. इतका शिकलेला, इतका नावाजलेला गवई खेड्यातल्या बायकांकडून शिकला. तुम्हाला तुमच्या आजीकडून शिकायला कमीपणा वाटतो.

गाणं फक्त गळ्यातच असतं असंही समजू नका. रांजनोली नाका ओलांडून भिवंडीत शिरलं की कुठल्याही गल्लीत लूमचा आवाज सुरू होतो. तुम्ही त्याला 'खटखट' म्हणून मोकळे होता. कधी थांबून ऐकलंत? एका मागावर धोटा उजवीकडून डावीकडे जातो, फणी ठोकते, धोटा परत येतो, फणी ठोकते. हा एक ठेका. शेजारचा माग हेच करतो, पण किंचित वेगळ्या गतीने. मग दोन ठेके एकमेकांवरून सरकत जातात, क्षणभर जुळतात, पुन्हा सुटतात. शेडमध्ये असे कितीतरी माग एकदम चालतात. मुरलेल्या कारागिराला त्या गोंगाटातही आपल्या मागाचा आवाज बदललेला कळतो आणि तो वळून बघतो. अमेरिकेत स्टीव्ह राइश नावाच्या संगीतकाराने १९६५ साली एकच ध्वनिमुद्रण दोन टेपरेकॉर्डरांवर लावलं. यंत्रांच्या गतीत बारीकसा फरक होता, म्हणून आवाज एकमेकांपासून सरकत गेले, आणि त्या सरकण्यातून त्याचं पुढचं बरंच संगीत उभं राहिलं. आज तो जगातल्या मोठ्या संगीतकारांमध्ये गणला जातो. तो ठेका तुमच्याकडे रात्रपाळीलाही चालू असतो, आणि बेंचवर ताल धरणारी तुमच्यातली पोरं, ज्यांना मी रोज ओरडते, त्यांनी एकदाही तो वाजवून बघितला नाही.

भिवंडीच्या पद्मानगरात तेलुगू विणकरांच्या बायका बतुकम्माच्या सणाला फुलांचे थर रचून त्यांच्याभोवती टाळ्यांवर गातात. तुमच्याबरोबर त्या घरची मुलं शिकतात. विचारलंत कधी त्यांना, गाण्यात काय आहे म्हणून?

आता तुमच्या सबबी. मला त्या पाठ आहेत. "बाई, वेळ नाही, क्लास असतो." बहिणाबाई चौधरींना क्लास नव्हता, हे खरं. त्यांना पहाटे जातं होतं, मग शेत होतं, मग चूल होती, अकाली आलेलं विधवापण होतं, आणि अक्षर एकही येत नव्हतं. जात्याच्या घरघरीवर, मोट चालताना, सुगरणीचा खोपा बघताना त्या ओळी जुळवत होत्या. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी त्यातल्या काही उतरवून घेतल्या, म्हणून १९५१ साली त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने, ते पुस्तक निघू शकलं. ज्या ओळी कोणी उतरवून घेतल्या नाहीत त्या त्यांच्याबरोबर गेल्या. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. फ्रान्समधून आलेल्या माणसाला त्या ऐकाव्याशा वाटल्या. तुमच्या आजीच्या उशाशी तुम्ही झोपता.

"बाई, आम्ही साधी माणसं, आमच्या घरी काय असणार?" नारायण सुर्वे गिरणी कामगाराला रस्त्यावर सापडलेलं मूल होते. गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक. १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' आलं. साधं घर ही सबब त्यांच्याएवढी कोणालाच शोभली नसती, आणि त्यांनी ती सांगितली नाही.

तिसरी सबब तुम्ही बोलत नाही, पण मी बघते. कागद समोर आला की हात मोबाइलकडे जातो. आधी कोणीतरी काढलेलं शोधायचं, मग त्यातलं सोपं निवडायचं, मग ते उतरवायचं. परक्या माणसाने, परक्या गावात, त्याच्या उजेडात बघितलेली वस्तू तुम्ही तुमच्या नावावर लावता. शिकण्यासाठी नक्कल करायला मी कधीच मना केलेलं नाही. हात वळायला नक्कल लागते. पण विषयसुद्धा दुसऱ्याने दिला पाहिजे, इतकं परावलंबी होऊ देणार नाही. किमान माझ्या वर्गात नाही.

मला घाई का झाली आहे तेही सांगते. तुमची धवलारीण म्हातारी आहे. जाळं विणणारे आजोबा म्हातारे आहेत. ते खाचर पुढच्या वर्षी असेल की त्यावर भराव पडलेला असेल ते मला सांगता येत नाही, तुम्हालाही नाही. पुढे वीस वर्षांनी तुम्ही मोठे होऊन, शहाणे होऊन, या गावाबद्दल काहीतरी करावं म्हणून बसाल, तेव्हा विचारायला कोणी उरलेलं नसेल. तेव्हाही म्हणाल, सुचत नाही. तेव्हा ते खरं असेल.

तर 'माझं गाव' हा विषय मी रद्द केलेला नाही. जुने कागद परत घ्या, त्यांना गुण मिळणार नाहीत. येत्या सोमवारी प्रत्येकाने नवा कागद आणायचा. त्यात गच्चीवरून किंवा दारातून दिसणारी एकच गोष्ट असेल, समोर बसून काढलेली, आठवणीतून नाही आणि फोटोवरून तर मुळीच नाही. खाडी काढणाऱ्याने मागच्या बाजूला भरती होती की ओहोटी आणि किती वाजले होते ते लिहायचं. ज्यांना चित्र जमत नाही त्यांनी आजीकडून एक धवला पुरा उतरवून आणायचा, तिच्या तोंडून येईल तशाच शब्दांत, एक अक्षर 'शुद्ध' न करता. सगळ्या मुलग्यांनी घरात एक भाकरी थापायची आणि पहिली कशी फाटली ते लिहून आणायचं. फाटली नाही असं कोणी लिहिलं तर मी विश्वास ठेवणार नाही. ताल धरणाऱ्यांनी लूमचा ठेका बेंचवर वाजवून दाखवायचा, त्या दिवशी मी ओरडणार नाही. आणि ज्याला घरात हे विचारायची, करायची लाज वाटते, त्याने शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्यापाशी थांबायचं. मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी येईन आणि त्याच्यादेखत त्याच्या आजीला मीच विचारेन.